जाहिरात सगळ्यात जोरात चालली, त्या दिवशी ती थांबवली

पापड-बिबड्यांची जाहिरात जळगाव जिल्ह्यात दाखवू नका, असं मी, ऑनलाइन जाहिराती लावून देणारा माणूस, जिल्ह्यातल्या प्रत्येक गृहउद्योगाला पहिल्याच भेटीत सांगतो. उन्हाळा लागला की आपल्याकडे गच्चीगच्चीवर जुनी लुगडी अंथरलेली असतात. उडदाचे पापड, कुरडया, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. ज्याच्या घरी होत नाहीत, त्याच्या बहिणीकडे नाहीतर मावशीकडे होतात आणि भरलेला डबा घरी पोचतो. त्या माणसाला विकत घ्यायची गरजच काय?

अमळनेर तालुक्यातल्या एका मावशींचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांचा मुलगा नेमकं हेच करून बसला होता. फेसबुक पेजवर फोटो टाकायचा, पैसे भरून तो जास्त लोकांना दाखवायचं 'बूस्ट'चं बटण दाबायचं, आजूबाजूचा चाळीस किलोमीटरचा परिसर निवडायचा. लाइक भरपूर यायचे. 'लय भारी', 'तोंडाला पाणी सुटलं' अशा कमेंटही यायच्या, पण मागणी येत नव्हती. पोरगा हुशार होता, कष्टाळूही होता, फक्त त्याने उद्दिष्ट म्हणून 'एंगेजमेंट', म्हणजे लाइक-कमेंट, ठेवलं होतं. फेसबुकचं यंत्र मागितलं तेच देतं. लाइक मागितले की ते लाइक करायची सवय असलेली माणसं शोधून आणतं. त्यांच्यात विकत घेणारे किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग मावशींना विचारलं, "आजवर तुमच्याकडून पैसे मोजून कोणी नेलं?" त्या जरा थांबल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "सुरतना लोके लई लेतस, भाऊ." सुरतचे लोक खूप घेतात.

तिथेच गाठ सुटली. अमळनेर हे सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. धुळे, नंदुरबार, जळगावातली, म्हणजे खानदेशातली, कितीतरी कुटुंबं या लाइनच्या गाडीने सुरतेला गेली आणि तिथल्या कापडधंद्यात रुजली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरा, अहिराणी, आमची खानदेशी बोली, कानावर पडतेच. तिथल्या दोन खोल्यांच्या घरात बिबड्या थापायला गच्ची नाही आणि वेळही नाही. चव मात्र जिभेवरून गेलेली नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि नाशिकचं सातपूर-अंबड इथेही तेच. आमचं गिऱ्हाईक गावात नव्हतं, गाव सोडून गेलेलं होतं.

बूस्ट बंद केलं आणि अ‍ॅड्स मॅनेजरमधून, म्हणजे फेसबुकच्या जाहिराती सविस्तर लावायच्या सोयीतून, जाहिरात लावली. उद्दिष्ट एकच ठेवलं : बघणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू करावं. ठिकाण म्हणून सुरत आणि पुण्याचा औद्योगिक पट्टा. दिवसाचं बजेट ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२ रुपये. हा जीएसटी अनेक छोटे व्यावसायिक हिशेबात धरत नाहीत आणि महिनाअखेरीस नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात.

मुलाचं म्हणणं होतं की भाषा 'मराठी' निवडू, म्हणजे गुजराती लोकांवर पैसे वाया जाणार नाहीत. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिथली भाषा म्हणजे माणसाने अ‍ॅप कोणत्या भाषेत ठेवलंय ती. सुरतेतला खानदेशी माणूस फोन इंग्रजीत नाहीतर हिंदीत ठेवतो. मराठीची अट घातली असती, तर आपलेच लोक गळले असते. ती अट आम्ही व्हिडिओवर सोपवली. मावशींना गच्चीवर बसवलं, फोन उभा धरला आणि पहिल्याच वाक्याला त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अखाजीले गावले येवानं जमस नही ना? मंग आमी धाडतस." अखाजी म्हणजे अक्षय तृतीया; गावी येणं जमत नसेल तर आम्ही पाठवतो. मागे बिबडी थापणारा ओला हात. ज्याला कळत नाही तो पुढे सरकतो. ज्याला कळतं तो अंगठा थांबवतो, आणि कोण थांबतंय हे यंत्र शिकत जातं. एवढी नेमकी निवड कुठल्याही खानेसुमारीतून झाली नसती.

सुरुवातीला चौकशा थोड्या-थोड्या यायच्या. फेसबुकची कंपनी मेटा, तिच्या हिशेबाने एका आठवड्यात साधारण ५० परिणाम, इथे सुरू झालेले संवाद, मिळाले की अ‍ॅड सेट, म्हणजे जाहिरातींचा गट, शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडतो. तोवर रोज उठून बजेट हलवायचं नाही, व्हिडिओ बदलायचा नाही. गिऱ्हाइकाला, म्हणजे इथे त्या मुलाला, हे समजावणं हाच माझ्या कामाचा अवघड भाग. तो दर तासाला आकडे बघायचा.

अखाजी जवळ आली असताना एका सकाळी त्याचा फोन आला. "दादा, लवकर या. मोबाइल थांबतच नाही."

सुरतेतल्या कुणीतरी तो व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या आणि समाजाच्या ग्रुपांवर टाकला होता. जाहिरातीखाली लोक एकमेकांना टॅग करत होते, 'मायना हातनी बिबडी' असं लिहीत होते. मी पोचलो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर न वाचलेल्या संदेशांची रांग बोटाने सरकवून संपत नव्हती. एका संवादामागचा खर्च आदल्या दिवसाच्या निम्म्यावर आला होता. खर्च झालेली रक्कमही ४०० च्या पुढे गेलेली. मुलगा दचकला, पण त्यात बिघाड काहीच नव्हता. रोजचं बजेट ही सरासरी असते. संधी दिसली तर एखाद्या दिवशी ७५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च होतो, आठवड्याचा एकूण आकडा मात्र रोजच्या बजेटच्या सातपटीच्या आत राहतो.

"दादा, आजच दोन हजार करू," तो म्हणाला. "असा दिवस परत येणार नाही."

मी मावशींना म्हटलं, डबे उघडून दाखवा. स्टीलच्या कोठ्या, पत्र्याचे डबे, पिशव्या, सगळं बाहेर काढून तागडीवर घातलं. मुलगा संदेशांतल्या मागण्या वहीत उतरवत गेला. रांग निम्मीही संपली नव्हती तोच वहीतला आकडा तागडीतल्या आकड्याच्या पुढे गेला. गच्चीवर दोन दिवसांपूर्वीच्या बिबड्या अजून अर्ध्याओल्या होत्या आणि पश्चिमेकडून ढग चढत होते. अवकाळीचे दिवस. बाया कापडं गोळा करायला धावल्या.

मावशी वर बघत म्हणाल्या, "ऊन नही ते बिबड्या कशा वायतीन, भाऊ?" ऊन नाही तर वाळतील कशा?

मी तिथेच जाहिरात थांबवली. मुलाचा चेहरा उतरला. तो रागावला आणि मला त्याचं वाईटही वाटलं, कारण एवढे दिवस तो याच दिवसाची वाट बघत होता. पण बिबडी म्हणजे यंत्रातून निघणारा माल नाही. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवायची, थापायची आणि मग सूर्यावर सोडायची. दोन हजार रुपये टाकून ऊन विकत मिळत नाही. माल नसताना पैसे खर्चून बोलावलेला माणूस उत्तराची वाट बघून निघून जातो, आणि आपल्याच समाजाच्या ग्रुपवर लिहितो की हे लोक नुसती जाहिरात करतात. ज्या ग्रुपांनी त्या सकाळी वर चढवलं, तेच संध्याकाळी खाली आणू शकत होते.

थांबवलेली जाहिरात सात दिवसांच्या आत पुन्हा सुरू केली, तर यंत्राचं शिकलेलं टिकतं. सात दिवस किंवा त्याहून जास्त झाले की ते पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसतं. त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. हे सांगितल्यावर मुलगा थोडा सैल झाला.

उरलेला दिवस उत्तरं देण्यात गेला, आणि माझ्या मते खरी जाहिरात तीच होती. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबलं केली : 'आज पाठवायचं', 'पत्ता बाकी', 'पुढची खेप'. जे आधी आले त्यांना आधी माल. बाकीच्यांना छापील उत्तर द्यायचं नाही असं ठरलं. मावशींनी आवाजी निरोप दिला : "आभाय येल शे. ऊन पडनं का बिबड्या वायतीन, मंग धाडसू. मना नंबर मोबाइलमा ठी ल्या." म्हणजे आभाळ आलंय, ऊन पडलं की बिबड्या वाळतील, मग पाठवू; माझा नंबर मोबाइलमध्ये ठेवून घ्या. नंबर साठवायला सांगितलं त्याला कारण होतं. साध्या ब्रॉडकास्ट यादीतून एकदम अनेकांना धाडलेला निरोप, समोरच्याने आपला नंबर साठवला असेल तरच पोचतो.

कित्येकांनी लगेच आगाऊ पैसे पाठवायची तयारी दाखवली. मुलाला घ्यायचे होते. मावशी नाही म्हणाल्या. न वाळलेल्या मालाचे पैसे घ्यायचे नाहीत. मला त्यांचं पटलं, आजही पटतं. आगाऊ पैशाने वचन तारखेला बांधलं जातं आणि आभाळ कुणाची तारीख पाळत नाही. उडदाचे पापड पुरेसे होते, ते ज्यांना चालणार होते त्यांची पार्सलं रात्रीच्या खाजगी बसने सुरतेला गेली.

दोन दिवस ढग राहिले, मग कडक ऊन पडलं. सात दिवस उलटायच्या आत, तोच व्हिडिओ तसाच ठेवून जाहिरात पुन्हा चालू केली. आधी 'पुढची खेप' लेबलवाल्यांना कळवलं. त्यांच्यातले बहुतेक थांबले होते. आता मावशी दर रविवारी कोठ्यांचं वजन मुलाला सांगतात, तो पुढच्या खेपेच्या मागण्या त्यातून वजा करतो आणि उरलेल्या किलोंवरून आठवड्याचं बजेट ठरवतो. मागच्या रविवारी उरलं काहीच नव्हतं, म्हणून त्याने माझ्या फोनची वाट न बघता स्वतःच जाहिरात थांबवली.