चांगीला आलेले संदेश

रविवार, रात्री उशिरा

शाल्मली काल बोलता बोलता म्हणाली, "आई, मी ड्यूटीवर असताना 'उतरलीस का' असे विचारत जाऊ नकोस. उतरले की मीच कळवीन." स्वरात राग नव्हता. विमानाची दारे लागण्यापूर्वीच तिचा फोन बंद होतो, तेव्हा माझ्या संदेशाने तिथे काही बिघडत नाही, हेही तिनेच सांगितले. मग मनाई कशासाठी, हे मी विचारले नाही. ह्यांना सांगितले, तर म्हणाले, "बरोबर आहे तिचे." ह्यांच्या लेखी माझ्याखेरीज सगळ्यांचेच बरोबर असते.

त्याच बोलण्यात तिने सिंगापूरच्या विमानाचा उल्लेख केला होता. आज दुपारी जेवणे आटोपल्यावर मी त्या घटनेचा ऑस्ट्रेलियन चौकशी अहवाल शोधून वाचला आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. २७ मे २०१० रोजी जेटस्टार कंपनीचे एक एअरबस ए-३२१ डार्विनहून सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरत होते. विमान सहवैमानिकाच्या हाती होते. अडीच हजार आणि दोन हजार फुटांच्या दरम्यान केव्हातरी कप्तानाचा फोन वाजू लागला. संदेश येत होते. खाली येता येता जमिनीवरचे नेटवर्क लागले असावे आणि वाटेत अडकलेले सारे एकदम पोचले असावे. सहवैमानिकाने, उतरणे रद्द करावे लागल्यास किती उंचीवर जायचे तो आकडा लावण्यास सांगितले. उत्तर आले नाही. पुन्हा सांगितले, तरी नाही. वळून पाहिले तर कप्तान फोनमध्ये गुंतलेला. तो संदेश वाचत नव्हता, फोन बंद करण्यासाठी त्याचे कुलूप उघडत होता.

याच वाक्यापाशी मी परत परत येते. तो माणूस व्यत्यय दूर करण्याच्याच कामात होता, आणि तेवढ्यात चाके खाली घ्यायची राहून गेली. हजार फुटांवर सहवैमानिकाने सगळ्या उपकरणांवरून नजर फिरवली; काहीतरी बरोबर नाही असे त्याला वाटले, पण काय ते सापडेना. ७२० फुटांवर इशारा वाजला, तरी दोघांच्या ध्यानात आले नाही. साधारण साडेसहाशे फुटांवर कप्तानाने चाकांचा दांडा खाली केला, न बोलता. तिकडे सहवैमानिक मनातल्या मनात पुन्हा वर जाण्याच्या तयारीला लागला होता, तोही न बोलता. अखेर ३९२ फुटांपर्यंत खाली गेलेले विमान वर उचलले गेले आणि दुसऱ्या खेपेला सुखरूप उतरले. कोणाला खरचटलेदेखील नाही.

चौकशी करणाऱ्यांनी उंची, वेग, इशारे, सगळे सेकंदासेकंदाने मांडले आहे. तो संदेश कोणी पाठवला होता, हे मात्र त्यांनी विचारलेले नाही, आणि त्यांच्या कामाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मला दुपारपासून तेवढेच जाणून घ्यायचे आहे. बँकेचा असेल, फोन कंपनीचा असेल. पण 'पोचलास का' असाही असू शकेल, नाही का? घरच्या कोणी जेवायला बसण्यापूर्वी तो पाठवला असेल, आणि आपल्या त्या दोन शब्दांनी वर काय झाले हे त्या माणसाला पुढे कळले असेल की नसेल?

१९७२ च्या २९ डिसेंबरची मायामीची कथा शाल्मलीने प्रशिक्षणाच्या काळातच सांगितली होती. ईस्टर्न एअर लाइन्सच्या विमानात पुढचे चाक खाली आल्याचे दाखवणारा दिवा लागेना. दोन हजार फुटांवर स्वयंचलित यंत्रणा लावून, कप्तान आणि सहवैमानिक त्या दिव्याशी झटत राहिले, इंजिनिअर चाक डोळ्यांनी पाहण्यासाठी खालच्या कप्प्यात उतरला. घरात चष्मा हरवला की सगळेच पलंगाखाली वाकतात आणि दाराची घंटा कोणालाच ऐकू येत नाही, तसे झाले. उंची धरून ठेवणारी यंत्रणा सुटली होती; उंची ढळल्याची सूचना वाजली, ती त्या इंजिनिअरच्या रिकाम्या जागेपाशी. विमान हळूहळू एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरत गेले. १७६ पैकी १०१ माणसे गेली. चाक खाली आलेलेच होते. जळाले होते ते दिव्याचे बल्ब.

गप्पांच्या नादात झालेला अपघात मला समजतो. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला धुक्यात उतरताना कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा चालल्या होत्या. अशा प्रकारांमुळेच १९८१ मध्ये अमेरिकेत दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त काहीही बोलू वा करू नये असा नियम झाला. परंतु बल्ब बदलणारे आणि फोन बंद करणारे गप्पा मारत नव्हते, ते मन लावून काम करत होते. त्यांच्यासाठी कोणता नियम करणार?

संध्याकाळी थोडे रडू आले, ते विमानांसाठी नव्हे. इतकी वर्षे जी काळजी या घरात माझे कामच मानली गेली, ती आता कोणाच्या तरी कामात अडथळा म्हणून मोजली जावी, हे लागले. नीरजच्या वेळीही असेच... ते असो.

नंतर लक्षात आले की शाल्मलीने काळजी करू नकोस असे म्हटलेलेच नाही. तिने फक्त ती पाठवू नकोस म्हटले आहे. फोन बंद असला तरी, तो सुरू केल्यावर माझा प्रश्न वाट पाहत असणार हे तिला उतरतानाही ठाऊक असेल, आणि कदाचित तेच तिला नको असेल. कदाचित तसे नसेलही. मुलींचे मन ओळखण्याचा माझा लौकिक फारसा चांगला नाही. उद्या पहाटे तिची पाटण्याची फेरी आहे. विमाने दाखवणारे ते अॅप ह्यांनी मघाशीच माझ्या फोनवर घालून दिले, आणि स्वतःच्या फोनवर ते गेल्या वर्षापासून आहे, हे जाता जाता सांगितले.