साडेसात इंचांचा एक सेकंद

आज जळगावला मामांकडे गेलो होतो. भरीत-कळण्याच्या भाकरीचं निमित्त, खरं तर माळा आवरायचा होता. माळ्यावरून निघाला स्पूल टेपचा, म्हणजे आवाज ध्वनिमुद्रित करायच्या गुंडाळलेल्या फितीचा खोका, एक ब्लेड आणि खाचेची अॅल्युमिनियमची पट्टी.

मामा ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह (प्रसारण सांभाळणारे) म्हणून आकाशवाणीत लागले, मग प्रोग्रॅम एक्झिक्युटिव्ह (कार्यक्रम करणारे) झाले, पुढे दूरदर्शनला गेले. १९७६ च्या १ एप्रिलला दोन्ही खाती वेगळी झाली होती, तरी माणसं इकडून तिकडे जात. दूरदर्शनमधल्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. "तिथे चेहरे सांभाळायचे, इथे आवाज," एवढंच. रेडिओवर आले की मात्र थांबत नाहीत.

टेप हातात घेऊन म्हणाले, "भो, ही सेकंदाला साडेसात इंच पळायची. शेतकरी मुलाखतीत खोकला, की तेवढी दीड-दोन इंच काढायची. ब्लेड तिरकं धरायचं, सरळ कापलं तर जोड कानाला टोचतो." पट्टीतल्या खाचेवरून बोट फिरवून दाखवलं. वय झालंय, हात थरथरतो, पण तिरका कोन बरोब्बर!

एकदा चुकीचा स्पूल लागला न् एका केंद्रावर चाळीसेक सेकंद नुसती शांतता गेली. मेमो आला. तो मेमो अजून त्याच खोक्यात आहे, घडी न मोडलेला.

मामी आतून ओरडल्या, "आता तरी फेका ते!" मामांनी खोका उचलला आणि परत माळ्यावर ठेवला. आवरायचं राहिलंच.