धारेची चाचणी आणि श्रीखंडाचा डबा

टोमॅटो कापून सुरीची धार बघणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. टोमॅटो हा लहरी परीक्षक. सकाळी दादरच्या बाजारातून आणलेला कडक टोमॅटो आणि दोन दिवस टोपलीच्या तळाशी चेपलेला टोमॅटो एकाच सुरीला वेगवेगळे मार्क देतात. अंगठ्याच्या नखावर पाते टेकवणारे किंवा हातावरचे केस भादरून दाखवणारे लोक असतात, त्यांना माझा लांबूनच नमस्कार. मला विचाराल तर घरातल्या रिकाम्या बाटल्या, पिशव्या, खोकी यांच्याइतके निःपक्षपाती परीक्षक नाहीत. कारखान्यातून ठरल्या जाडीचे येतात, कालचा निकाल आज फिरवत नाहीत आणि फुकट मिळतात.

फुकट मिळतात हे माझे मत. सासूबाईंना ते मान्य नाही. ‘रिकामा डबा’ म्हणजे टाकायचा डबा, असे त्यांच्या हिशेबात बसतच नाही. श्रीखंडाचा डबा आतले श्रीखंड संपायच्या आधीच साबुदाण्याच्या नावावर लागलेला असतो. आइस्क्रीमच्या डब्यात मटार जातात. मी सुरी हातात घेऊन नुसती त्या बाजूला वळले तरी आतून आवाज येतो, “अगं, तो नको हं, त्याचं झाकण छान बसतं.” दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवून वाळवायच्या असतात, मग भंगारवाल्याकडे जायच्या. त्यातली एखादी मी हळूच काढून घेते.

पिशवीची चाचणी सगळ्यात कडक. दोन बोटांत एक टोक धरून ती नुसती लोंबू द्यायची आणि मोकळ्या कडेवर पाते टेकवून अलगद खाली ओढायचे. ताण द्यायचा नाही, खाली पाट ठेवायचा नाही. धार असेल तर पाते सरळ आत शिरते. नसेल तर पिशवी बाजूला सरकते, लांबते, पांढुरकी पडते आणि मग कशीबशी फाटते. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सवलत मिळाली ती त्या ५० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असाव्यात या अटीवर. चांगल्या लागलेल्या धारेची कड मायक्रॉनभर किंवा त्याहून बारीक असते. एवढ्या बारीक रेषेवर हाताचा सगळा भार येतो, म्हणून जोर लावावा लागत नाही. ती रेषा झिजून गोल झाली की तोच भार पसरतो आणि मग आपण दाबायला लागतो. सुरी दाबावी लागली तिथेच ती नापास. तेवढा वेळ नसेल तर धार वर करून पाते दिव्याखाली धरावे. बोथट जागा चकाकते, तीक्ष्ण जागा दिसत नाही.

पाण्याची बाटली जरा उदार, पण तिच्यातही खाचाखोचा आहेत. बुड आणि मान जाड, पोट पातळ, तेव्हा चाचणी पोटावरच घ्यावी. झाकण घट्ट लावलेले असेल तर आतली हवा भिंतीला बाहेरून दाबू देत नाही आणि पात्याला टेकू मिळतो. झाकण काढले की तीच बाटली बोथट सुरीखाली पोचा पाडून घेते, ‘कटक’ असा आवाज करते आणि कापली मात्र जात नाही. म्हणून खरी परीक्षा बिनझाकणाची. हवेत बाटली उडवून सपकन कापणाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात, त्यांतली बाटली बहुधा भरलेली असते. पाण्याचे वजन तिला जागेवर धरून ठेवते. रिकामी बाटली टोला खाऊन थेट शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जाईल. आणि दातेरी सुरीला या परीक्षेला बसूच देऊ नये. ती करवतीसारखी ओरबाडत पलीकडे पोचते आणि पास झाल्याचा आव आणते.

सासूबाईंची विळी मात्र माझ्या सगळ्या सुऱ्यांना मागे टाकते. पाट पायाखाली दाबलेला, पाते जागचे हलत नाही आणि दोन्ही हात बाटली धरायला मोकळे. सुरीने कापताना एक हात बाटलीला आवळण्यात गुंततो आणि पाते कुठे अडले ते नीट कळत नाही. विळीवर बाटली दोन हातांनी पात्यावर सरकवली की अडथळा कुठे आला, तो बाटलीच्या शिवणीचा की पात्याच्या दात्याचा, ते तळव्यांना समजते. मासळीबाजारात कोळणी सुरमईचे तुकडे करतात तेव्हा त्यांचे लक्ष पात्याकडे नसतेच, ते याचमुळे असावे.

गंमत म्हणजे इंग्लंडात, सुऱ्या-काट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्डमध्ये, धार मोजायचे जे यंत्र आहे तेही जवळपास विळीच. सुरी धार वर करून पकडायची आणि तिच्यावर वरून कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ठरावीक वजनाने दाबायचा. त्या कागदात ५ टक्के वाळूची पूड मिसळलेली असते. पाते मागे-पुढे फिरते. पहिल्या ३ फेऱ्यांत किती मिलिमीटर कागद कापला ती सुरुवातीची धार, ६० फेऱ्यांत एकूण किती कापला तो टिकाऊपणा. आयएसओ ८४४२-५ असे या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे नाव. कागदात मुद्दाम वाळू घालायची, कारण नुसत्या कागदाने पाते लवकर झिजत नाही आणि परीक्षक दिवसभर बसून राहतील.

वाळूवरून पार्सलच्या खोक्यांची आठवण झाली. सुरीने खोकी उघडणे मी घरात बंद केले आहे. रद्दीपासून बनलेल्या पुठ्ठ्यात बारीक कचकच असते, ती धार खाऊन टाकते. खोकी फोडायला जुनी कात्री आहे. ज्यूसचे खोके थोडे बरे. त्यात पुठ्ठा, प्लास्टिक, अॅल्युमिनियम असे थर असतात आणि कापल्यावर कड स्वच्छ आली की मन प्रसन्न होते, पण त्यातून धारेबद्दल फारसे कळत नाही. ताठ वस्तू बोथट सुरीलाही सांभाळून घेते.

पत्र्याचा डबा तर या परीक्षेत नकोच. पत्र्याला पत्र्याची कात्री लागते. तेलाचे १५ किलोचे डबे कापून त्यांची झाकणवाली पेटी करून देणारे कारागीर तीच वापरतात. पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट १८१० साली घेतले आणि डबा उघडायच्या हत्याराचे अमेरिकी पेटंट एझ्रा वॉर्नरला मिळाले ते १८५८ साली. मधली ४८ वर्षे लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होते. सैनिक संगिनी वापरत. एवढ्या काळात कोणाला भूक कशी लागली नाही, हे एक कोडेच आहे.

आमच्या गल्लीत सायकल स्टँडवर चढवून, पॅडल मारत सहाण फिरवणारा धारवाला येतो. कात्रीला धार लावली की तो चिंधी कापून दाखवतो, सुरीवर अंगठा आडवा फिरवतो आणि “देखो, मक्खन” म्हणतो. मी खाली जाताना पिशवीत एक बाटली नेते. त्याला ते आवडत नाही, पण बाटली बरेच सांगते. फिरत्या सहाणेवर धार लागताना पात्याच्या कडेला पोलादाचा बारीक पापुद्रा वळून राहतो. पहिला काप त्याच्या जोरावर झकास जातो, नंतर तो दुमडतो आणि सुरी अडखळते. अशा वेळी घरी येऊन चिनी मातीचा कप उपडा घालते. त्याच्या बुडाची बिनचकाकीची कड पोलादाहून कठीण असते. तिच्यावर पाते दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवले की पापुद्रा निघून जातो.

कापलेल्या बाटल्यांची विल्हेवाट माझ्याकडे नाही. वरचा भाग मानेसकट नरसाळे म्हणून तेलाच्या बरणीजवळ गेला. खालच्या भागाला सासूबाईंनी तापलेल्या सुईने भोके पाडली आणि त्यात खिडकीच्या ग्रिलवर धणे पेरले. माझ्या वाट्याला मधली गोल पट्टी आली आहे. तिच्यावर अजून चार-पाच काप सहज निघतील.