रिजनल हाउसिंग अथॉरिटीतून काउंटी बाहेर काढताना: माझा अनुभव

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात काउंटीला (म्हणजे तिथल्या जिल्ह्याला) रिजनल हाउसिंग अथॉरिटीत, म्हणजे अनेक काउंट्यांनी मिळून गरिबांच्या घरांसाठी काढलेल्या सरकारी संस्थेत, घालण्याचं आणि तिथून बाहेर काढण्याचं, अशी दोन्ही कामं मी काउंटीच्या बाजूने केली आहेत. राज्याच्या कायद्यात दोन्हींना कलम एकच, १५७-३५. पण आत जाताना ठराव गोळा करायचे असतात, बाहेर पडताना देणी निस्तरायची असतात.

नवी अथॉरिटी काढायची तर लगतच्या काउंट्यांची एकत्र लोकसंख्या ६०,०००च्या वर लागते. असलेल्या अथॉरिटीत शिरायला सध्याच्या प्रत्येक काउंटीच्या बोर्डाचा, खुद्द अथॉरिटीचा आणि नव्या काउंटीचा ठराव हवा. काउंटीच्या ठरावाआधी जनसुनावणी, आणि तिची नोटीस वर्तमानपत्रात किमान १० दिवस आधी. ठरावात स्वस्त, सुरक्षित घरांची टंचाई लिहायला कुणी विसरत नाही. एकत्र कारभार जास्त किफायतशीर ठरेल, हे वाक्य मात्र हमखास गळतं, आणि कायद्याला तेही हवंच असतं.

बाहेर पडायला पुन्हा सगळ्यांचे ठराव लागतात, मागे राहणाऱ्यांचेसुद्धा. एकट्या काउंटीने “आम्ही निघालो” म्हणून काही होत नाही. अथॉरिटीचे बॉन्ड किंवा इतर देणी शिल्लक असतील तर प्रत्येक धनकोची लेखी संमती आधी हवी. म्हणून मी पहिल्यांदा ऑडिट अहवाल मागवते आणि दीर्घ मुदतीच्या कर्जाची टीप वाचते. बँकेचं साधं कर्जही “इतर देण्यां”त धरून चालावं. ही यादी हातात नसताना सुनावणीची तारीख ठरवू नये.

सगळ्यात मोठा गैरसमज व्हाउचरांचा, म्हणजे गरीब भाडेकरूंच्या भाड्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा: काउंटी निघाली की तेही तिच्याबरोबर जातात, असं लोकांना वाटतं. राज्याच्या कायद्याखाली केलेल्या ठरावांनी अथॉरिटीची हद्द बदलते, पण ‘हड’ या घरांच्या केंद्रीय खात्याशी तिचा झालेला अनुदान करार बदलत नाही. व्हाउचर त्या कराराला बांधलेले असतात, काउंटीला नाही. ते हलवायला देणारी आणि घेणारी अशा दोन्ही अथॉरिटींच्या बोर्डांचे ठराव घेऊन ‘हड’कडे वेगळा प्रस्ताव जातो. घेणारी कोण, हेच ठरलेलं नसेल तर तिथेच गाडं अडतं. सरकारी भाड्याच्या इमारतींवर ‘हड’च्या हिताची ट्रस्ट-घोषणा (मालमत्तेवर ‘हड’चा हक्क जपणारा दस्त) नोंदलेली असते, त्यामुळे ‘हड’च्या मंजुरीशिवाय मालकी हलत नाही.

काउंटी बाहेर पडली की तिने अथॉरिटीवर नेमलेल्या कमिशनरचं (सदस्याचं) पद आपोआप संपतं. उरलेल्या काउंट्यांची संख्या सम झाली तर एक जादा कमिशनर नेमावा लागतो. एकच काउंटी उरली, तर ती अथॉरिटी त्या काउंटीपुरती होते.