तुम्ही विचारलंत म्हणून: मला कडक कायदा नकोय का?

तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. आता निवृत्तीनंतर कुठे यूएपीएवर, म्हणजे दहशतवादाविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यावर, बोलायला गेले की कुणीतरी उठून विचारतंच, "बाई, तुम्ही मुंबईच्या. 26 नोव्हेंबरची रात्र तुम्ही पाहिलीत. तरी कडक कायद्याला तुमचा विरोध?"

ती रात्र मी विसरलेले नाही. माझा धाकटा भाऊ रोज सीएसटीवरून लोकल पकडायचा. त्या दिवशी तो अर्धा तास आधी निघाला, एवढंच. दहशतवादाविरुद्ध कायदा हवाच. माझं म्हणणं वेगळं आहे: ज्या कायद्याने पोलिसांना जादा अधिकार दिले, तो पुन्हा तपासायला संसदेला भाग पाडणारी काही सोय त्या कायद्यातच हवी. आपल्याकडे ती होती आणि आपण ती घालवली.

1985 चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा दोन वर्षांच्या मुदतीचा होता. मुदत संपत आली की सरकारला संसदेपुढे यावं लागे. अनेकदा ती सहज वाढवून मिळाली, हे खरं. पण 1995 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून टाडाला मुदतवाढ देऊ नका, अशी विनंती केली. तोवर त्याखाली हजारो माणसं धरली गेली होती आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण नगण्य होतं. मे महिन्यात टाडा संपला. जुने खटले मात्र चालूच राहिले.

त्यानंतर आलेल्या पोटा या दहशतवादविरोधी कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. 2002 मध्ये राज्यसभेने तो फेटाळला, तेव्हा संयुक्त अधिवेशन बोलावून मंजूर करून घ्यावा लागला. 2004 मध्ये तो रद्द झाला आणि त्यातल्या काही तरतुदी यूएपीएमध्ये आल्या. यूएपीए 1967 चा, कायमचा. त्याला मुदत नाही. हा बदल किती मोठा होता, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मग 26/11 झालं. 16 डिसेंबर 2008 ला दुरुस्ती विधेयक मांडलं, 17 ला लोकसभेत मंजूर, 18 ला राज्यसभेत. विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीकडे गेलंच नाही. त्या आठवड्यात माझ्याही मनात राग होता, घाई समजते. पण त्या दुरुस्तीने आरोपपत्राविना कोठडी 180 दिवसांपर्यंत नेता येऊ लागली, आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले तर जामीन देऊ नये, असं न्यायालयावर बंधन आलं. तुरुंगातली वर्षं कुणाला परत देता येत नाहीत, मग पुढे निर्दोष ठरला तरी. 2019 च्या दुरुस्तीने तर एका माणसालाही राजपत्रात नाव छापून दहशतवादी ठरवता येतं. नाव काढायचं तर अर्ज आधी सरकारकडेच करायचा. सरकारने नाकारला तर पुनर्विलोकन समिती, आणि तिचे सदस्यही केंद्र सरकारच नेमणार.

"मग काय हवं?" हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्यांसाठी स्वतंत्र पुनरीक्षक असतो आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. तेही पुरेसं नाही, पण कुणीतरी दरवर्षी कागद उघडून पाहतं. आपल्याकडेही निदान विधेयक समितीकडे गेलं की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं राज्याचं जनसुरक्षा विधेयक आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून 12,000 हून अधिक सूचना आल्या आणि मसुद्यात काही बदल झाले. मला ते बदल अपुरे वाटतात. पण लोकांना लिहायला महिने मिळाले. 2008 मध्ये दोन दिवस मिळाले होते.

म्हणून खासदार मत मागायला दारात आले की मी त्यांना यूएपीएला मुदत घालायला सांगते. न्यायमूर्ती मिश्रांना पत्र लिहायला एक तारीख समोर होती. आज कुणाला तसं पत्र लिहायचं असेल, तर त्याने ते कोणत्या महिन्यात लिहावं?