तोंडातली वस्ती

परवा दंतवैद्यांकडून दात साफ करून आल्यापासून दुपारभर मला एकच चाळा लागला होता, तो म्हणजे दातांच्या मागच्या बाजूने जीभ फिरवत राहण्याचा. काचेसारखे गुळगुळीत झालेले ते दात माझे वाटतच नव्हते. संध्याकाळी मात्र हिरडीच्या कडेला जिभेला काहीतरी मऊसर लागले आणि इतक्यात जंतू परत आले, असे मी मनाशी म्हटले.

शाळेत आरोग्याच्या तक्त्यावर शिंगे असलेले काळे जंतू कुदळीने दात खणताना दाखवले होते. त्या तक्त्याखालच्या बाकावर बसल्यामुळे असेल, पण तोंडातला जंतू म्हणजे शत्रू हे माझ्या मनात कायमचे बसले, आणि पुढे कित्येक वर्षे मी जळजळीत माउथवॉश डोळ्यांत पाणी येईपर्यंत, साठ आकडे मोजत, तोंडात घोळवत आलो. त्या तक्त्यावर एकही सज्जन जंतू नव्हता, याची तक्रार आता कोणाकडे करावी?

दात घासून झाले की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर बसतो, आणि त्यावर पहिल्यांदा बिऱ्हाड थाटणाऱ्यांत स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससारखे बहुतांशी निरुपद्रवी जिवाणू असतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, म्हणजे आपण जखम धुतो तेच द्रव्य, अगदी अल्प प्रमाणात. आणि ते आसपासच्या काही उपद्रवी जिवाणूंना मानवत नाही. शिवाय आधी येऊन बसल्यामुळे जागाही त्यांचीच. दात आणि हिरडी यांच्यामधल्या, निरोगी माणसात जेमतेम १ ते ३ मिलिमीटर खोल असलेल्या फटीच्या तोंडाशी हा पहारा असतो.

१६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या स्वतः भिंगे घडवणाऱ्या संशोधकाने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला, तेव्हा तो रोज मिठाने दात घासणारा टापटिपीचा माणूस होता. तरीही आपल्या तोंडात देशातल्या माणसांहून अधिक प्राणी आहेत, असे त्याला लिहावे लागले. ते वाचून मला फार धीर आला.

पण वस्तीकडे दुर्लक्ष केले की तीच बिघडते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांनी दात घासणे बंद केले, आणि १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. बाहेरून कोणी जंतू आणून सोडले नव्हते. थर जुना होत गेला, हवा नकोशी असणाऱ्यांचे फावले, एवढेच. घासायला लागल्यावर हिरड्या पुन्हा बऱ्या झाल्या. म्हणजे ब्रश मारेकरी नसून, थर जुना होऊ न देता पहिल्या बिऱ्हाडकरूंना पुनःपुन्हा जागा करून देणारा आहे, हे मला पटले.

पटले खरे, पण आज सकाळी हात सवयीने बाटलीकडे गेलाच, आणि साठपैकी चाळीस आकडे मोजून झाल्यावर ते माझ्या लक्षात आले.