हजेरीतलं नाव

सकाळची भुरभुर थांबली होती. अंबाजोगाईच्या आमच्या वाचनालयात गर्दी नव्हतीच. बारावीचं एक लेकरू नेहमी कोपऱ्यात बसतं, ते आज माझ्याजवळ येऊन बसलं. "मॅडम, हजेरीत जे नाव आहे ना, ते माझं वाटतच नाही."

मला काय बोलावं सुचेना. मग केसन कॅलेंडर यांच्याबद्दल सांगत बसले. कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरचे कृष्णवर्णीय ट्रान्स लेखक, म्हणजे जन्मताना मुलगा की मुलगी असं जे ठरवलं गेलं त्यापेक्षा ज्यांची स्वतःची ओळख वेगळी आहे असे; लहानग्यांसाठी आणि कुमारांसाठी लिहितात. 'फेलिक्स एव्हर आफ्टर' ही त्यांची २०२० ची कादंबरी. फेलिक्स १७ वर्षांचा ट्रान्स मुलगा. शाळेत कुणीतरी त्याचे जुने फोटो, जुन्या नावासकट, सगळ्यांना दिसतील असे लावून ठेवतं. लेकरानं मान वर केली. "नावासकट?" बराच वेळ मग गप्प.

त्याच वर्षी 'किंग अँड द ड्रॅगनफ्लाइज'साठी त्यांना अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्यातल्या १२ वर्षांच्या किंगला वाटतं, आपला वारलेला भाऊ चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, झालाय. हे ऐकून लेकरू हसलं. म्हणालं, आमच्या सोयाबीनवर पण लई चतुर येतात, लहानपणी शेपटीला दोरा बांधायचो, आता नाही बांधू वाटत.

पुस्तकं इंग्रजीत, लेकराचं इंग्रजी कच्चं. रोज दोन पानं मी मराठीत सांगायची असं ठरलं.

जाताना त्यानं मला त्याचं खरं नाव सांगितलं. इथं लिहीत नाही. उद्या दोघंच असू तेव्हा त्याच नावानं हाक मारणार आहे.